रुग्णालयात वृद्धांना अचानक होणारा भ्रम: आईच्या बाबतीत आता काय करावे आणि वडिलांच्या बाबतीत तो कसा टाळावा?

प्रश्न: कोयनाकाठ

सर्वांना नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. जवळच्या शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली पार पडल्याचे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. पहिला दिवस आई आमच्याशी नीट बोलत होती. परंतु दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर तिचे वागणे एकाएकी बदलले. मला ती ओळखेना, समोरच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली आहे असे सांगू लागली आणि "म्हशीची धार काढायची राहिली आहे, मला जाऊ द्या" असे म्हणत सलाईनची सुई उपसू लागली. आमच्या गोठ्यातली शेवटची म्हैस विकली त्याला कितीतरी वर्षे होऊन गेली आहेत. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनी तिचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले आणि झोपेचे इंजेक्शन दिले. सकाळी ती गुंगीतच होती. दुपारी तासभर इतकी भानावर आली की नातवाची परीक्षा कशी गेली हे तिने आपणहून विचारले. आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार सुरू झाला.

घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. थोरल्या भावाला वाटते की हा स्मृतिभ्रंश आहे आणि तो आतापर्यंत आमच्या लक्षात आला नव्हता. मामी बाहेरची बाधा म्हणतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे नातेवाईक म्हणतात की भूल मानवली नाही. पडण्याआधी आई घरचा हिशेब स्वतः ठेवत होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तिला रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी चालू आहे. झोपेसाठी ती बरीच वर्षे अल्प्राझोलाम घेत होती. दाखल झाल्यापासून ती गोळी दिलेली नाही. तिला कमी ऐकू येते आणि गडबडीत श्रवणयंत्र घरीच राहिले आहे. लघवीची नळी शस्त्रक्रियेपासून तशीच आहे. माझे दोन प्रश्न आहेत. हे नेमके काय आहे आणि आम्ही डॉक्टरांना काय विचारावे? तसेच माझे वडील ८२ वर्षांचे असून पुढील महिन्यात त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ठरली आहे; त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून आधीपासून काही करता येते का?

उत्तर: वृद्धोपचार (फिजिशियन)

ताई, रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही. तरीही आपण जे वर्णन केले आहे ते डिलिरियमचे, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या भ्रमाचे, आहे असे मानूनच पुढे जावे आणि आजच्या आज उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणे, दिवसभरात कमी-जास्त होत राहणे, संध्याकाळी वाढणे आणि लक्ष एका जागी न टिकणे ही त्याची ओळख आहे. आपल्या आई दुपारी भानावर आल्या आणि रात्री पुन्हा हरवल्या, ही गोष्ट आपल्याला गोंधळात टाकणारी वाटली असली तरी आमच्या दृष्टीने तीच मोठी खूण आहे. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो. घरचा हिशेब ठेवणारी बाई दोन दिवसांत स्मृतिभ्रंशाची रुग्ण होत नाही. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्यांना डिलिरियम होण्याचा धोका मात्र अधिक असतो, त्यामुळे भावाची शंका अगदीच निराधार नाही. पण त्या शंकेची शहानिशा करण्याची ही वेळ नव्हे.

भुलेविषयीचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. खुब्याच्या अस्थिभंगात पाठीतून दिलेली भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ आणि २०२२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रकारांत डिलिरियमच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ भुलेला दोष देऊन थांबलो तर खरी कारणे शोधायची राहून जातात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

कारण बहुधा एकच नसते. आपल्या माहितीवरून मला ज्या गोष्टी आधी तपासाव्याशा वाटतात त्या अशा. थायझाइड गटातील गोळीमुळे वृद्ध स्त्रियांच्या रक्तातील सोडियम कमी होऊ शकते आणि शस्त्रक्रियेनंतर ते आणखी घसरू शकते. म्हणून सोडियम आज तपासले गेलेच पाहिजे. वर्षानुवर्षे घेतलेली अल्प्राझोलाम एकाएकी बंद झाल्यास तेवढ्यानेही भ्रम आणि भास होऊ शकतात. ही बाब डॉक्टरांना माहीत आहे असे गृहीत धरू नका. दाखल करतानाच्या घाईत ती कागदावर आलेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर वेदना येतात: कण्हत नाहीत म्हणजे दुखत नाही असे वृद्धांच्या बाबतीत समजू नये. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी नियमित द्यावे, मांडीतील नसेभोवती बधिरतेचे इंजेक्शन देण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा आणि ट्रामाडॉलसारखी औषधे शक्य तितकी कमी ठेवावीत, कारण वेदना आणि वेदनेवरची तीव्र औषधे ही दोन्ही डिलिरियमची कारणे आहेत. याशिवाय लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील प्राणवायू, साखर, हिमोग्लोबिन, शरीरातील पाण्याचे प्रमाण आणि शौचास किती दिवस झाले, हे सर्व पाहावे लागते. शेवटची गोष्ट विचारायला लोक संकोचतात, परंतु तुंबलेला मळ आणि तुंबलेली लघवी यांनी माणूस भ्रमिष्ट झाल्याची उदाहरणे प्रत्येक वॉर्डात सापडतात.

झोपेच्या इंजेक्शनाविषयी स्पष्ट लिहितो. मिडाझोलाम, लोराझेपाम यांसारख्या औषधांनी डिलिरियम बहुधा लांबतो. दारू किंवा अशाच गोळ्या अचानक बंद झाल्यामुळे भ्रम झाला असेल तर मात्र हीच औषधे उपचार ठरतात. म्हणूनच अल्प्राझोलामचा इतिहास इतका महत्त्वाचा आहे आणि त्याविषयीचा निर्णय तेथील डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. हॅलोपेरिडॉल अल्प मात्रेत, थोड्या काळासाठी आणि रुग्णाला स्वतःपासून किंवा इतरांना धोका असेल किंवा तो कमालीचा भेदरलेला असेल तरच द्यावे. पार्किन्सनचा आजार असलेल्यांना ते देऊ नये. ते डिलिरियम बरा करत नाही. अतिदक्षता विभागातील ५६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत हॅलोपेरिडॉल दिलेल्यांचा डिलिरियम औषधविरहित इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा लवकर ओसरला नाही.

डॉक्टरांना आपण "आईची फोर-ए-टी चाचणी करता येईल का?" असे विचारू शकता. एडिंबरा येथे विकसित झालेली ही चाचणी दोन-तीन मिनिटांत होते आणि तीत चार किंवा त्याहून अधिक गुण आल्यास डिलिरियमची शक्यता धरतात. रुग्ण किती जागा आहे, त्याला वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष सांगता येते का, महिने उलट क्रमाने म्हणता येतात का आणि प्रकृतीत अचानक बदल झाला आहे का, एवढेच तीत पाहतात. आपल्याकडे थोडे तारतम्य लागते. अनेक वृद्धांची कागदोपत्री जन्मतारीख शाळेने टाकलेली १ जून असते आणि ती त्यांना स्वतःला ठाऊकही नसते. जानेवारी-डिसेंबर ज्यांच्या अंगवळणी नाहीत त्यांना मी फाल्गुनापासून चैत्रापर्यंत मागे यायला सांगतो, किंवा वार उलटे विचारतो. चौथ्या मुद्द्याचे उत्तर मात्र घरचेच माणूस देऊ शकते. "आई परवापर्यंत अशी नव्हती" हे आपले वाक्य रक्ताच्या अहवालाइतकेच मोलाचे आहे. ते ठामपणे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.

उत्तर: निवृत्त परिसेविका

डॉक्टरांनी कारणांविषयी लिहिले आहे, म्हणून मी खाटेपाशी काय करावे तेवढेच लिहिते. माझी बरीचशी नोकरी पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात गेली.

आज संध्याकाळच्या आत घरून श्रवणयंत्र, त्याची नवी बॅटरी, चष्मा आणि असल्यास कवळी मागवून घ्या. ज्याला ऐकू येत नाही आणि धड दिसत नाही तो माणूस अनोळखी जागेत, अनोळखी चेहऱ्यांत घाबरणारच. यंत्र बसवल्यावर समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, "आई, मी अमुक. तू दवाखान्यात आहेस. पाय मोडला होता, ऑपरेशन झाले आहे. आज बुधवार, आता सकाळ झाली आहे," असे लहान वाक्यांत सांगा आणि दिवसातून अनेकदा सांगा. तुला आठवत नाही का, मी कोण ते ओळख पाहू, अशा परीक्षा घेऊ नका. मुंग्या दिसतात म्हणाल्या तर नाहीत म्हणून हुज्जत घालू नका आणि आहेत म्हणून होकारही देऊ नका; "मला दिसत नाहीत, पण मी इथेच बसले आहे" एवढे पुरे होते. म्हशीचा विषय निघाला तर तिचे नाव काय होते, दूध किती द्यायची, हे विचारा. बोलता बोलता हात सलाईनवरून आपोआप निघतो.

हात बांधण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो, मनगटाला वळ उठतात, भीती वाढते आणि भ्रमही वाढतो. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतात तेव्हा हा मार्ग का निवडला जातो हे मी जाणते, आणि त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु आपण जाऊन म्हणू शकता की, "आमचे एक माणूस रात्रभर जागे राहून जवळ बसेल, कृपया हात सोडा." बहुतेक ठिकाणी हे ऐकले जाते. सलाईन सतत चालू ठेवण्याची गरज नसेल तर ती काढून फक्त सुई ठेवता येते आणि तिच्यावर बँडेज गुंडाळून पूर्ण बाहीच्या ब्लाउजखाली झाकता येते. डोळ्यांना दिसत नाही ते रुग्ण सहसा ओढत नाही. पलंगाची उंची कमी करून घ्या. लघवीची नळी अजून का ठेवली आहे हे राउंडच्या वेळी रोज विचारा, कारण ती संसर्गाला वाट करून देते, रुग्णाला पलंगाला जखडून ठेवते आणि काढण्याची आठवण पुष्कळदा कोणालाच राहत नाही.

दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर खुर्चीत बसवा, पाठीला आधार देऊन आणि डोके वर करूनच घोट घोट पाणी, पेज, ताक द्या. गुंगीत असताना तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून अन्न फुप्फुसात जाते. रात्री डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करून लांबचा एखादा दिवा राहू द्या आणि रात्रीच्या तपासण्या व औषधे शक्य तेवढी एकाच वेळी उरकावीत अशी विनंती करा. सोबतीला दोघे-तिघेच आळीपाळीने असावेत. भेटायला येणाऱ्यांची रीघ आपल्याकडे प्रेमापोटी लागते, पण खाटेभोवती दहा माणसे एकदम बोलू लागली की चांगला माणूसही बावचळतो.

आई मिश्री लावत असतील किंवा तंबाखू खात असतील तर तेही सांगा. बायका हे सांगत नाहीत आणि लेकींनाही ते सांगणे कमीपणाचे वाटते. अचानक सुटलेल्या सवयीने बेचैनी वाढते, एवढे डॉक्टरांना ठाऊक असले तर ते त्याचा विचार करू शकतात.

उत्तर: मुक्काम पोस्ट नगर

वरील दोन्ही उत्तरांना एक पुस्ती जोडतो, कारण माझ्या वडिलांना झालेला डिलिरियम अगदी निराळा दिसत होता. न्यूमोनियासाठी दाखल असताना ते आरडाओरडा करत नव्हते, काही ओढत नव्हते, फक्त पडून राहायचे. घास तोंडात तसाच धरून ठेवायचे. प्रश्न विचारला की बराच वेळ माझ्याकडे पाहत राहायचे आणि उत्तर अर्ध्यावर सोडून डोळे मिटायचे. सगळे म्हणाले की म्हातारा माणूस थकला आहे, झोपू द्या. माझी पत्नी मात्र आग्रहाने सांगत राहिली की रोज पहाटे उठून वर्तमानपत्राची वाट पाहणारा माणूस असा नसतो. एका तरुण निवासी डॉक्टरांनी तिचे म्हणणे मनावर घेतले. तपासणीत मूत्राशय तुडुंब भरलेले निघाले, आणि सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइन असलेल्या गोळ्या चालू असल्याचेही लक्षात आले. लघवी मोकळी करून त्या गोळ्या थांबवल्यावर ते हळूहळू बोलू लागले.

घरी आल्यावरही पूर्ववत होण्यास काही आठवडे गेले. त्या काळातले त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवत होते आणि आपण काही वेडेवाकडे बोललो असू याची त्यांना फार लाज वाटत होती. हा आजाराचा भाग होता, तुमच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही, हे त्यांना सांगावे लागले आणि एकदा सांगून भागले नाही. आपल्या आईंनाही पुढे याची गरज पडेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: कोयनाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईचे सोडियम १२१ निघाले. रक्तदाबाची ती गोळी बंद केली आहे आणि सोडियम सावकाश वाढवत आहेत. अल्प्राझोलामविषयी खरोखरच कोठे नोंद नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांना बोलावून ती अल्प मात्रेत पुन्हा सुरू केली आहे आणि पुढे टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आहे. नळी काल काढली. हात सोडले आहेत. रात्री मी आणि वहिनी आळीपाळीने बसतो. श्रवणयंत्र लावल्यावर तिने पहिल्यांदा माझे नाव घेतले. संध्याकाळी थोडी गडबड अजून होते. सोडियम एका दिवसात भरून का काढत नाहीत, असे भाऊ विचारत आहेत. आणि वडिलांविषयी मार्गदर्शन केल्यास बरे होईल.

उत्तर: वृद्धोपचार (फिजिशियन)

ऐकून समाधान वाटले. सोडियम झपाट्याने वाढवल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० एककांपेक्षा अधिक वाढ होऊ देत नाहीत. तेथील डॉक्टर योग्य तेच करत आहेत, असे भावांना सांगा. आकडा सुधारल्यानंतरही मेंदू सावरण्यास दिवस लागतात. आईंच्या स्मृतीची औपचारिक चाचणी घरी स्थिरस्थावर होऊन सुमारे तीन महिने झाल्यावर करून घ्या, कारण डिलिरियम होऊन गेलेल्या काहींमध्ये आधीचा सुप्त स्मृतिभ्रंश पुढे येतो.

आता वडिलांविषयी. डिलिरियमची सुमारे तीस ते चाळीस टक्के प्रकरणे टाळता येण्याजोगी असतात असे मानले जाते आणि हे टाळणे औषधांनी होत नाही. अमेरिकेत येल येथे डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास करून १९९९ साली दाखवून दिले की झोप, चालणे-फिरणे, पाणी, दृष्टी, श्रवण आणि वेळ-काळाचे भान या साध्या गोष्टींकडे नेमाने लक्ष दिल्यास डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर येते. तेथे या कामासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमावे लागले. आपल्याकडे रुग्णासोबत घरचे माणूस असतेच. त्याला नेमके काय करायचे ते सांगितले जात नाही, ही खरी उणीव आहे. सिस्टरांनी वर लिहिलेले सर्व काही वडील भ्रमिष्ट होण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून करा.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत आणखी काही गोष्टी येतात. नळी काही दिवस ठेवणे भाग असते, त्यामुळे ती का आहे आणि तिच्यामुळे लघवी लागल्याचा भास होत राहील हे त्यांना आधीच, पूर्ण शुद्धीत असताना समजावून सांगा. मूत्राशयाच्या कळांसाठी ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध दिले जाते आणि ते मेंदूवर परिणाम करते. पर्याय आहे का हे विचारा. शस्त्रक्रियेत मूत्राशय धुण्यासाठी ग्लायसिनचे द्रावण वापरल्यास ते रक्तात शोषले जाऊन सोडियम घसरू शकते. सलाईन वापरून करण्याच्या पद्धतीत हा धोका टळतो, तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञ कोणती पद्धत वापरणार आहेत हे जाणून घ्या. ते दारू घेत असतील तर किती आणि किती वेळा, हे भूलतज्ज्ञांना एकांतात का होईना पण खरे सांगा, कारण ती अचानक सुटल्यामुळे होणारा भ्रम दोन-तीन दिवसांनी, म्हणजे ऐन शस्त्रक्रियेनंतर सुरू होतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

उपाशी ठेवण्याविषयीही विचारा. घन आहार सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवणे सामान्यतः पुरेसे असते, मात्र प्रत्येकाच्या बाबतीत अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचाच. प्रत्यक्षात रात्री दहापासून पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या वृद्धाची पाळी दुपारी तीनला येते आणि तोवर त्याचे तोंड कोरडे पडलेले असते. यादीत त्यांचे नाव सकाळी पहिले घ्यावे अशी विनंती करा आणि वेळ पुढे गेली तर पाणी देऊ का, हे प्रत्येक वेळी विचारत राहा.

ते रोज घेतात त्या सर्व गोळ्या, सर्दी-खोकल्याच्या आणि वैद्यांकडच्या पुड्यांसकट, एका पिशवीत घालून तपासणीला घेऊन जा. दाखल करण्याच्या आदल्या दिवशी त्यांची फोर-ए-टी करून गुण केसपेपरवर लिहायला सांगा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रात्री ड्यूटीवर असलेल्या आणि त्यांना प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरांपुढेही तुलनेसाठी आधीचा आकडा असेल.